५९ की ९३? ‘एलियन : आयसोलेशन’ एकच, मग निकाल दोन कसे?

दहावीला ५९ टक्के पडले की घरात एक वेगळीच शांतता पसरते. पोरगं नापास झालेलं नसतं, पण फर्स्ट क्लास एका टक्क्याने हुकलेला असतो, आणि ती हळहळ पुढे प्रत्येक लग्नकार्यात निघते. ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘एलियन : आयसोलेशन’ हा गेम आला, तेव्हा आयजीएन या मोठ्या अमेरिकी साइटने त्याला नेमका हाच निकाल दिला : १० पैकी ५.९. गेमस्पॉटने ६ दिले, पॉलिगॉनने ६.५, युरोगेमरने ८. आणि पीसी गेमर या मासिकाने दिले १०० पैकी ९३. एवढ्यावर न थांबता वर्ष संपताना २०१४ चा सर्वोत्तम गेम म्हणून त्यांनी याचीच निवड केली.

समीक्षकांचं एकमेकांशी पटत नाही, यात नवल काही नाही. नवल वेगळंच आहे. कमी मार्कांचे आणि जास्त मार्कांचे रिव्ह्यू शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर बहुतेक जण एकच गोष्ट सांगताना दिसतात. वातावरण जबरदस्त उभं केलंय. एलियन कधी कुठून येईल सांगता येत नाही. पुन्हा पुन्हा मरावं लागतं. सेव्ह करायची सोय लांब लांब आहे. गेम फार मोठा आहे. साक्षीदारांची साक्ष सारखी आणि न्यायाधीशांचे निकाल उलटे, असला हा प्रकार. तो समजून घ्यायला गेम खेळता येण्याची गरज नाही. लहानपणी लपंडाव खेळला असाल तर पुरे. (पुढे कथानकातल्या एक-दोन गोष्टी उघड होतील. दहा वर्षं झाली, आता चालेल.)

आधी हा प्रकार काय आहे ते

‘सर्व्हायव्हल हॉरर’ म्हणजे भीतीचे असे गेम, ज्यात तुमच्या हातात पुरेसं काहीच नसतं. गोळ्या मोजक्या, औषध मोजकं, वाट अंधारी. हे नाव रुळलं ते कॅपकॉम या जपानी कंपनीच्या १९९६ सालच्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मुळे. त्यात सेव्ह करायचं म्हणजे एक टाइपरायटर शोधायचा आणि त्यात शाईची रिबन घालायची. रिबनीही मोजक्याच. म्हणजे ‘मी इथवर आलो’ याची नोंद करायलासुद्धा खिशातून काहीतरी जायचं. पुढे ही मंडळी हळूहळू मारधाडीकडे वळली. २०१० मध्ये ‘अ‍ॅम्नेशिया’ नावाच्या स्वीडिश गेमने उलटी दिशा धरली : हत्यारच नाही, फक्त लपायचं आणि पळायचं.

‘आयसोलेशन’ या दुसऱ्या वाटेवरचा. तो बनवला इंग्लंडमधल्या हॉर्शम गावच्या क्रिएटिव्ह असेंब्लीने. हे लोक तोवर ओळखले जायचे ते ‘टोटल वॉर’साठी, म्हणजे हजारोंच्या फौजा पटावर हलवायच्या गेमसाठी. त्यांनी अचानक एका बाईला एका अंतराळ स्थानकात एका प्राण्याबरोबर कोंडलं. बाईचं नाव अमांडा रिप्ली. १९७९ च्या ‘एलियन’ या सिनेमातल्या एलेन रिप्लीची ही मुलगी, पेशाने इंजिनिअर. साल २१३७. आईचं जहाज नाहीसं होऊन पंधरा वर्षं झालीत, आणि त्या जहाजाची नोंदपेटी सेव्हास्तोपोल नावाच्या मोडकळीला आलेल्या स्थानकावर सापडल्याचं कळतं म्हणून ती तिथे जाते.

आता यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पहिल्या सिनेमात एलियन एकच होता आणि त्याच्यापुढे माणसं हतबल होती. १९८६ च्या दुसऱ्या सिनेमात एलियनची झुंड आली आणि तिच्यासमोर बंदुका घेतलेले सैनिक. गेमवाल्यांनी वर्षानुवर्षं दुसऱ्या सिनेमाचाच कित्ता गिरवला, कारण बंदूक आणि झुंड असली की गेम आपोआप तयार होतो. सेगा या प्रकाशकाने फेब्रुवारी २०१३ मध्ये आणलेला ‘एलियन्स : कलोनियल मरीन्स’ त्यातलाच. तो इतका फसला की आधी दाखवलेली झलक आणि विकलेला माल यांत तफावत असल्याची तक्रार ब्रिटनच्या जाहिरात नियामकापर्यंत गेली. त्यातले एलियन तर इतके बावळट होते की खेळाडूला सोडून भलतीकडेच धावायचे. २०१८ मध्ये लोकांच्या ध्यानात आलं की त्याच्या एका फाइलमध्ये ‘टेदर’ या इंग्रजी शब्दात एक ‘ए’ जास्तीचा पडला होता. ते एक अक्षर खोडलं की एलियन जरा अकलेने वागू लागायचे. शुद्धलेखनाचा आग्रह धरणाऱ्या मराठीच्या तमाम बाईंना ही गोष्ट कोणीतरी सांगायला हवी.

तर अशा नाचक्कीनंतर दीडेक वर्षात त्याच सेगाने ‘आयसोलेशन’ आणला. समोर एका वेळी सहसा एकच एलियन. तो मरत नाही. पिस्तुलाने त्याचं काही बिघडत नाही, पेटती बाटली फेकली किंवा आगीचा फवारा मारला तर तो थोडा वेळ मागे हटतो, इतकंच.

लपंडाव, आणि राज्य कोणावर

समीक्षकांचं सगळं भांडण ज्याच्यापाशी येऊन थांबतं, ती गोष्ट म्हणजे या प्राण्याचं डोकं.

बहुतेक गेममधला पहारेकरी ठरलेल्या वाटेने फिरतो. या दारापासून त्या खांबापर्यंत, मग वळायचं, परत. दोनदा पाहिलं की वेळापत्रक पाठ होतं आणि तिसऱ्यांदा तुम्ही त्याच्या मागून अलगद निघून जाता. ‘आयसोलेशन’मधल्या एलियनला असं वेळापत्रक नाही. त्याच्या जागी दोन वेगळी डोकी आहेत.

वाड्यातला लपंडाव आठवा. ज्याच्यावर राज्य आहे तो पोरगा शोधतोय. वर गॅलरीत आजोबा बसलेत, त्यांना सगळे कुठे कुठे लपलेत ते दिसतंय. पोरगा फारच भलतीकडे भटकायला लागला की आजोबा म्हणतात, “अरे, विहिरीच्या बाजूला बघ की जरा.” कोणत्या पिंपामागे, ते मात्र सांगत नाहीत. आणि लपलेलं एखादं लहानगं घाबरून रडायच्या बेताला आलं की तेच आजोबा शोधणाऱ्याला हाक मारतात, “चल रे, आधी पाणी पिऊन घे.”

गेममध्येही असंच आहे. वरचं डोकं खेळाडू कुठे आहे हे कायम जाणतं आणि एलियनला फक्त परिसर सुचवतं. खालचं डोकं, म्हणजे खुद्द एलियन, त्या परिसरात पोचल्यावर स्वतःच्या कानांवर आणि डोळ्यांवरच अवलंबून असतो. तुम्ही धावलात, काही आपटलं, बॅटरीचा झोत चमकला, हातातल्या, आसपासची हालचाल टिपणाऱ्या शोधयंत्राची पीं-पीं त्याला जवळून ऐकू आली, तर संपलं. शिवाय वरचं डोकं तुमच्यावरच्या ताणाचं माप ठेवतं. एलियन बराच वेळ अंगाशी घोटाळत राहिला की त्याला छतातल्या हवेच्या मोठ्या नळांमधून थोडा वेळ परत बोलावलं जातं. तुम्ही श्वास घेता, आणि नेमकं तेव्हाच वरून टप्पकन लाळेचा धागा खाली आलेला दिसतो.

आणखी एक करामत अशी की एलियनच्या काही चाली सुरुवातीला कुलूपबंद असतात आणि खेळ पुढे सरकतो, तुमच्या क्लृप्त्या त्याच्या नजरेस पडत जातात, तशी एकेक खुली होते. आगीच्या फवाऱ्याला पहिल्यांदा तो पळून जातो. दहाव्यांदा तो थोडं मागे सरकून तुमच्याकडे बघत उभा राहतो. खरोखर ‘शिकतो’ असं म्हणणं जरा जास्त होईल, पण खेळणाऱ्याला वाटतं तसंच.

हे सगळं सांगायचं कारण असं : यामुळे दोन समीक्षक एकच गेम खेळतच नाहीत. पाचव्या टप्प्यात एक दवाखाना येतो. एका डॉक्टरचं कार्ड शोधून परत यायचं, काम एवढंच. एखाद्याच्या वेळी एलियन पलीकडच्या कॉरिडॉरमध्ये रेंगाळतो आणि खेळणारा दहा मिनिटांत बाहेर पडतो. दुसऱ्याच्या वेळी एलियन त्याच खोलीच्या दाराशी ठिय्या देतो आणि पाऊण तास जातो. दोघांचं कौशल्य सारखं, अनुभव मात्र दोन वेगळे.

मी स्वतः त्या दवाखान्यात किती वेळा मेलो याची मोजदाद सोडून दिली होती. एकदा लॉकरमध्ये शिरलो. फटीतून दिसत होतं, तो दारातून आत आला, शेपूट जमिनीवरून ओढत टेबलाला वळसा घातला आणि माझ्याच लॉकरसमोर थांबला. इथे बटण दाबून अमांडाला मागे रेलवायचं आणि श्वास रोखायचा असतो. फार वेळ रोखला की तिची तब्येत ढासळते, सोडला की तो ऐकतो. तो गेला. शोधयंत्रावरचा ठिपका लांब सरकला. मी बाहेर आलो, चार पावलं टाकली आणि वरच्या नळातून तो थेट माझ्या मागे उतरला. रात्रीचा एक वाजला होता आणि मी हेडफोन काढून किचनमध्ये जाऊन उगाचच पाणी प्यायलो.

या गेमच्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनच्या आवृत्त्यांत एक भन्नाट सोय होती. प्लेस्टेशनच्या कॅमेऱ्याचा किंवा किनेक्टचा (म्हणजे एक्सबॉक्सच्या कॅमेऱ्याचा) माइक चालू ठेवला तर तुमच्या खोलीतला आवाजही एलियनला ऐकू जायचा. एका मित्राकडे आम्ही हे करून पाहिलं. टेबलाखाली दबा धरून बसलेलो असताना आत काकूंच्या कुकरची शिट्टी झाली. पुढचं सांगायला नको. इंग्लंडातल्या घरात बसून हा माइक कोणी तपासला असेल, त्याला डाळ-भाताचा कुकर ठाऊक नसणार.

मरणाची किंमत

आता मुद्द्याची गोष्ट. भीती वाटायला हातात गमावण्यासारखं काहीतरी लागतं. गेममध्ये खेळाडूकडे गमावण्यासारखी एकच खरी वस्तू असते : त्याचा वेळ. अमांडा मेली तर ती परत जिवंत होतेच, पण तुमची शेवटच्या सेव्हनंतरची पंधरा मिनिटं परत येत नाहीत. ‘आयसोलेशन’ने ही गोष्ट फार निर्दयपणे ओळखली. सेव्ह करायला भिंतीवर जुन्या पद्धतीच्या फोनसारखं एक यंत्र असतं. त्यात कार्ड सरकवायचं, मग एक दिवा लागतो, दुसरा लागतो, तिसरा लागतो, आणि मग सेव्ह होतं. या दोन-चार सेकंदांत गेम थांबत नाही. मागून एलियन आला तर पाठीत खुपसलेली शेपटी पोटातून बाहेर आलेली दिसते. वर ते यंत्रच कधी कधी सांगतं की जवळपास धोका आहे, बघा बुवा, करायचं का सेव्ह. तो तिसरा दिवा लागेपर्यंतचा काळ ज्यांनी अनुभवलाय त्यांना भीतीची व्याख्या विचारू नये.

पण याला दुसरी बाजू आहे, आणि कमी मार्क देणारे तिथेच उभे होते. तेच पंधरा मिनिटांचं अंतर पहिल्यांदा तोडताना भीती असते. मेल्यावर दुसऱ्यांदा तोडताना सावधगिरी असते. तिसऱ्यांदा ते काम होतं. चौथ्यांदा तो सरकारी कचेरीतला हेलपाटा होतो : तोच जिना, तीच खिडकी, तोच कागद. आणि हेलपाट्याला कोणी घाबरत नाही, वैतागतो. म्हणजे ज्या अवघडपणातून भीती जन्मते तोच अवघडपणा जरा लांबला की भीतीला खाऊन टाकतो.

इतर अवघड गेमवर हा आक्षेप तितकासा येत नाही, त्याचंही कारण आहे. २०११ चा ‘डार्क सोल्स’ घ्या. तिथेही पन्नास वेळा मरता, पण राक्षसाचे वार ठरलेले असतात. प्रत्येक मरणातून एक गोष्ट समजते आणि एक्कावन्नाव्या वेळी जिंकलात तर ते तुमच्या शिकण्याचं फळ असतं. ‘आयसोलेशन’मध्ये मरणातून फारसं काही शिकता येत नाही, कारण पुढच्या वेळी तो दुसऱ्याच नळातून येणार. एका समीक्षकाला वाटतं : मग माझं काय चुकलं? हा काय न्याय झाला? दुसऱ्याला वाटतं : अहो, हिंस्र श्वापदाकडून कसल्या न्यायाची अपेक्षा करता? सिनेमातल्या माणसांनी तरी काय चूक केली होती?

हेच ते वळण. ज्याच्या मते गेम म्हणजे शिकून जिंकायची कसोटी, त्याला एलियनचा लहरीपणा हा दोष वाटला. ज्याच्या मते हा गेम म्हणजे एका प्रसंगात राहून पाहणं, त्याला तोच लहरीपणा वर्षातली सर्वांत मोठी करामत वाटली. दोघांनी एकच गोष्ट पाहिली होती.

यात समीक्षकाच्या नोकरीचा भाग धरायलाच हवा. गेम विकत घेणारा माणूस रात्री जेवण झाल्यावर तास-दीड तास खेळतो आणि जीव घाबरा झाला की बंद करतो. समीक्षकाला गेम बाजारात यायच्या आधी काही दिवस मिळतो आणि ठरल्या तासाला सगळे रिव्ह्यू एकदम बाहेर पडतात. ‘आयसोलेशन’ अठरा टप्प्यांचा, संपवायला पंधरा-वीस तास तरी हवेत. भीती ही गोष्ट तिखटासारखी आहे. महिनाभर रोज थोडा ठेचा खाणं आणि दोन दिवसांत वाडगाभर संपवणं यात जिभेचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. शिवाय ‘हार्ड’ ही पातळीच योग्य, असं बनवणारे स्वतःच सुचवत होते. डोक्यावर डेडलाइन, समोर हार्ड पातळी आणि दवाखान्याच्या दारात ठिय्या देऊन बसलेला एलियन. अशा माणसाने चिडून दोन मार्क कापले, तर त्याला अगदीच मूर्ख ठरवता येत नाही.

मला विचाराल तर लांबीबद्दलची तक्रार रास्तच आहे. दहाव्या टप्प्याच्या शेवटी एलियनला एका कक्षात कोंडून तो कक्ष स्थानकापासून सुटा करतात. तो क्षण अप्रतिम आहे आणि तिथे गेम संपत आलाय असं वाटतं. पण नाही. मग बराच वेळ एलियन गायब आणि समोर स्थानकातले पांढऱ्याफटक रबरी चेहऱ्याचे यंत्रमानव. ते थंड, नम्र आवाजात समजूत काढत तुमचा गळा आवळतात. भयंकर आहेत, पण त्यांच्यापासून चालत पळून जाता येतं. पुढे आणखी दोन-तीनदा शेवट झाल्यासारखा वाटतो आणि गेम पुन्हा सुरू होतो. कीर्तनकाराने ‘हेचि दान देगा देवा’ म्हणावं, लोकांनी चपला शोधायला उठावं आणि त्याने पुन्हा आख्यान लावावं, तसं. आणि इतकं ताणून खरा शेवट मात्र तुटक.

सरासरीचा घोटाळा

हे सगळे मार्क शेवटी मेटाक्रिटिकवर जमा होतात. ही साइट निरनिराळ्या रिव्ह्यूंचे मार्क शंभराच्या मापात बदलते आणि त्यांची सरासरी काढते. सगळ्यांचं वजन त्यात सारखं नसतं, कोणाचं किती ते साइट सांगत नाही. गेमसाठी ७५ च्या वर हिरवा रंग, ५० च्या खाली लाल. म्हणजे योगायोगाने हिरव्याची रेघ आपल्या डिस्टिंक्शनच्याच रेघेवर. ‘आयसोलेशन’ची सरासरी पीसीवर ८१, प्लेस्टेशन ४ वर ७९, एक्सबॉक्स वनवर ७८ अशी आली. तिन्ही हिरवे. ‘बरा आहे, बघायला हरकत नाही’ छापाचा आकडा.

पण या गेमबद्दल ‘बरा आहे’ असं फार कमी लोकांचं मत होतं. एका घरी आमटी अळणी झाली, दुसऱ्या घरी खारट, तर सरासरी काढून दोन्ही घरी मीठ बरोबर पडलं असं म्हणता येईल का? सरासरीने नेमकी तीच गोष्ट लपवली जी ग्राहकाला कळायला हवी होती : हा गेम आवडला तर वेड लावेल, नाही आवडला तर डोकं फिरवेल.

त्यातून गेमच्या दुनियेत मार्कांची पट्टीच विचित्र आहे. दहात पाच म्हणजे मध्यम, असं गणित सांगतं. व्यवहारात मात्र मोठ्या कंपन्यांच्या गेमना ७ ते ९ मिळायची सवय झालेली असते, त्यामुळे ५.९ हा आकडा वाचणाऱ्याला जवळपास ‘नापास’ असाच ऐकू येतो. हे नुसतं मानापमानाचं प्रकरण नाही. ‘फॉलआउट : न्यू वेगास’ बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीतल्या एका प्रमुखाने २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की मेटाक्रिटिकवर ८५ आले असते तर प्रकाशकाकडून बोनस मिळणार होता. आले ८४. एका मार्काने हुकणं काय असतं हे कळायला माणूस मराठीच असावा लागतो असं नाही.

पुढे काय झालं

एका बाबतीत कोणाचंच दुमत नव्हतं, म्हणून ते घाईतच सांगून टाकतो : दिसणं आणि ऐकू येणं. फॉक्स कंपनीने मूळ सिनेमाच्या वेळची आरेखनं, फोटो, ध्वनिमुद्रणं असं सुमारे तीन टेराबाइटचं दप्तर बनवणाऱ्यांच्या हवाली केलं होतं. १९७९ मध्ये भविष्य जसं दिसलं असतं तसंच दाखवायचं, हा त्यांचा हट्ट. पडद्यावरची आकडेमोड खरखरीत दिसावी म्हणून त्यांनी ती जुन्या व्हिडिओ टेपवर उतरवून, जुन्या टीव्हीवर चालवून पुन्हा चित्रित केली. आवाजासाठी २०१५ मध्ये बाफ्टा पुरस्कार मिळाला. ५.९ देणाऱ्यालाही इथे बोट ठेवायला जागा नव्हती.

विक्री मार्च २०१५ पर्यंत एकवीस लाखांच्या पुढे गेली. तरी सेगाच्या अपेक्षेला ती उतरली नाही आणि दुसरा भाग निघाला नाही. बनवणाऱ्यांनी समीक्षेला दिलेलं उत्तर मात्र मला फार गमतीदार वाटतं. गेम आल्यावर काही महिन्यांनी त्यांनी फुकटात अवघडपणाच्या दोन नव्या पातळ्या जोडल्या. एक नवशिक्यांसाठी, अगदी सोपी. दुसरी ‘नाइटमेअर’, ज्यात नकाशा नाही, सामान जवळपास नाही आणि शोधयंत्रही बिघडलेलं. ५.९ वाल्यांनाही खूश केलं आणि ९३ वाल्यांनाही. मधल्या सरासरीसाठी काहीच केलं नाही.

आणि मग हळूहळू पारडं झुकलं. डेडलाइन नसलेले लोक खेळू लागले, दिवे मालवून, रोज थोडं थोडं. गेमचं डोकं कसं चालतं यावर तपशिलात लेख आणि व्हिडिओ झाले. पीसी गेमरमध्ये ९३ देणाऱ्या अँडी केली यांनी पुढे या एका गेमवर अख्खं पुस्तक लिहिलं. २०१९ मध्ये तो निन्टेन्डो स्विचवर आला, २०२१ मध्ये मोबाइलवर. ७ ऑक्टोबर २०२४ ला, बरोबर दहा वर्षांनी, दिग्दर्शक अल होप यांनी दुसऱ्या भागाचं काम सुरू झाल्याचं जाहीर केलं. २०१४ चे मार्क साइटवर अजून तसेच आहेत. ते बदलायची पद्धतच नाही, रीचेकिंगचा अर्ज इथे चालत नाही.

त्याच २०२४ मध्ये ‘एलियन : रोम्युलस’ हा सिनेमा आला. त्याचे दिग्दर्शक फेडे अल्वारेझ यांनी हा गेम खेळला होता, आणि त्यांनी सिनेमाच्या सेटवर जागोजागी भिंतीला तेच सेव्ह करायचे फोन टांगून ठेवले, पुढे काहीतरी वाईट घडणार आहे तिथे. त्यांच्याकडे कोणी बघत नाही, त्यांना कोणी हात लावत नाही. मी थिएटरात तो पहिला फोन पाहिला आणि नकळत दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. शेजारी बायको विचारत होती, काय झालं? पडद्यावर तर नुसता रिकामा कॉरिडॉर होता.